कुणाच्या मापाची सीट?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले, आणि त्यांनी सीटचे पट्टे लावले नव्हते असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. त्या आठवड्यात देशभर जो वाद पेटला तो अजूनही त्याच दोन रुळांवरून चालला आहे. एका बाजूला एअरबॅग मोजणारे: दोन पुरत नाहीत, सहा हव्यात. दुसऱ्या बाजूला शिस्तवाले: एअरबॅग कितीही लावा, पट्टाच न लावणाऱ्यांचं काय करणार, दंड वाढवा. सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा सरकारने जानेवारी २०२२ मध्येच काढला होता. ती सक्ती आधी १ ऑक्टोबर २०२२ पासून होणार होती, मग १ ऑक्टोबर २०२३ वर गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी ती करणार नसल्याचं सांगितलं. एवढ्या तावातावाने भांडणाऱ्या या दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र न बोलता मान्य करून टाकली आहे. गाडीतली सीट म्हणजे बसायची जागा, त्यापलीकडे काही नाही.

मला हे मुळातच चुकीचं वाटतं. धडक बसते तेव्हा माणसाला धरून ठेवायचं काम सीटपासून सुरू होतं. पट्टा सीटच्या भरवशावर काम करतो आणि एअरबॅग त्या दोघांच्या. म्हणून सीट बसणाऱ्याच्या अंगाला जुळवून घेता येणं, ती वर-खाली होणं, हेडरेस्ट डोक्यापर्यंत पोचणं, पट्टा मानेवर न येता खांद्यावर येणं या गोष्टींना ‘कम्फर्ट फीचर’ म्हणून विकणं थांबलं पाहिजे. त्या सुरक्षेच्या गोष्टी आहेत, आणि सर्वांत स्वस्त मॉडेलमध्येही त्या कायद्याने मिळाल्या पाहिजेत.

माझी उंची १५० सेंटीमीटर, म्हणजे चार फूट अकरा इंच. पहिली गाडी घेताना शोरूममध्ये बसून पाहिलं तर बोनेट दिसत नव्हतं. सीट वर करायचा खटका कुठे आहे, असं विचारल्यावर विक्रेता म्हणाला, “मॅडम, हाइट ॲडजस्ट टॉप मॉडेलमध्ये येतं. यात तुम्ही उशी घ्या ना, सगळ्या लेडीज घेतात.” मी उशी घेतली आणि सात वर्षं तिच्यावर बसून पुण्यात आणि पुण्याबाहेर गाडी चालवली. रस्ता दिसायला लागला, पण क्लच पूर्ण दाबायचा तर सीट पुढे ओढावी लागे, आणि मग स्टिअरिंग छातीजवळ येई. चालकाच्या छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर ठेवा, असं अमेरिकेची रस्ता-सुरक्षा यंत्रणा सांगते, कारण एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि तिच्या अगदी जवळ असलेल्या माणसाला तीच इजा करते. उशीवर बसून मी ते अंतर कधीच ठेवू शकले नाही.

उशीचा दुसरा धोका मला फार उशिरा कळला. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळून साठ सेंटीमीटरभर चेपत थांबली, तर आतल्या माणसावर सरासरी त्याच्या वजनाच्या सोळापट जोर येतो. माझं वजन ५२ किलो. म्हणजे आठशे किलोंहून अधिक. हा भार शरीराने घ्यायचा कुठे? छातीच्या पिंजऱ्यावर आणि खुब्याच्या हाडांवर. कमरेचा पट्टा त्या हाडांवरून वर सरकून पोटावर आला, तर तोच पट्टा आतडी आणि यकृत फाडू शकतो. तसं होऊ नये म्हणून चांगल्या सीटमध्ये मांडीखालच्या फोमच्या आत, पुढच्या बाजूला, पत्र्याचा उंचवटा दिलेला असतो. माणूस पुढे ओढला गेला की तो उंचवटा त्याच्या कमरेला अडवतो आणि पट्ट्याखालून घसरू देत नाही. वाहन अभियंते या घसरण्याला ‘सबमरीनिंग’ म्हणतात. मऊ, सुटी उशी या सगळ्या रचनेवर पाणी फिरवते. ती दबते, सरकते, आणि कमरेला पट्ट्याखालची वाट मोकळी करून देते. एक्स्प्रेस वेवर रात्री पुढची सीट पार मागे पाडून झोपणाऱ्याचंही तेच होतं. पट्टा लावलेला असतो, पण तो हवेत तरंगत असतो, आणि धडकेत माणूस त्याच्या खालून निघून जातो. शिस्तवाल्यांच्या हिशेबात हा माणूस ‘पट्टा लावलेला’ म्हणून पास होतो.

एकाच मापात सगळ्यांना बसवण्याची ही चूक जुनी आहे, आणि ती सुधारल्याचं उदाहरणही तितकंच जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलात चांगल्या वैमानिकांच्या हातून विमानं पडू लागली. आधी दोष वैमानिकांना दिला गेला, मग प्रशिक्षणाला. कॉकपिट मात्र १९२६ साली मोजलेल्या सरासरी वैमानिकाच्या मापाचं होतं. १९५० मध्ये वैमानिकांची नव्याने मोजदाद झाली आणि गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची दहा मापं पडताळली: उंची, छाती, हाताची लांबी वगैरे. मधल्या तीस टक्क्यांत बसणारा तो ‘सरासरीचा’, इतकी सैल व्याख्या करूनही दहाही मापांत सरासरी भरणारा वैमानिक त्याला एकही सापडला नाही. हवाई दलाने यातून काय घेतलं? सरासरी वैमानिक शोधत बसणं सोडून दिलं आणि विमान बनवणाऱ्यांना सांगितलं की कॉकपिट माणसाप्रमाणे बदललं पाहिजे. हे महाग पडेल, जमणार नाही, अशी कुरकुर झाली. मग पुढे-मागे, वर-खाली होणाऱ्या सीट आल्या, सरकवता येणारी पेडल आली, हेल्मेटचे पट्टे लहान-मोठे करता येऊ लागले. आज गाडीत जिला आपण वरच्या मॉडेलची सोय समजतो, तिची मागणी लढाऊ विमानांत जीव वाचावेत म्हणून झाली होती. तिथे दोष माणसाकडून यंत्राकडे वळवायला काही वर्षं लागली. आपण अजून पहिल्याच टप्प्यावर, माणसाला दोष देत उभे आहोत.

गाडीची चाचणी कुणाच्या मापाने होते ते पाहा. जगभर समोरच्या धडकेच्या चाचणीत सर्वाधिक वापरली जाणारी बाहुली ‘हायब्रिड थ्री’ जनरल मोटर्सने १९७६ मध्ये बनवली. ती मध्यम बांध्याच्या अमेरिकी पुरुषाची: उंची १७५ सेंटीमीटर, वजन ७८ किलो. तिचीच एक छोटी आवृत्ती स्त्री म्हणून वापरतात, सुमारे १५० सेंटीमीटर आणि ४९ किलोंची. अमेरिकेतल्या सर्वांत लहान चणीच्या पाच टक्के बायकांसाठीची. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. तिकडच्या तज्ज्ञांनी ज्या मापाला टोकाचं, अपवादाचं म्हटलं, ते आपल्याकडचं मधलं माप आहे! स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२ मध्ये सरासरी स्त्रीची बाहुली तयार केली, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण तीही १६२ सेंटीमीटरची. आपल्या आयांचं, मावश्यांचं, घरी कामाला येणाऱ्या ताईंचं माप अजून कुणाच्या प्रयोगशाळेत सरासरी म्हणून बसलेलं नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळून पाहून त्यांना सुरक्षेचे तारे देणारी आपली चाचणी, जाहीर झाली, गाड्यांना तारे मिळू लागले, आणि ते फार चांगलं झालं. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या अशाच चाचण्या घेणाऱ्या परदेशी संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळून पाहिल्या तेव्हा पाचही शून्य ताऱ्यांवर आल्या होत्या. तिथून आपण बरेच पुढे आलो. पण या तारांकनाच्या पहिल्या नियमावलीत समोरच्या धडकेला पुढच्या दोन्ही सीटवर तीच पुरुषी बाहुली बसते आणि मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या बाहुल्या बसतात. मागच्या सीटवर प्रौढ माणूस नाही. ज्या अपघाताने हा सगळा वाद पेटला त्यात मागे बसलेले दोन प्रौढ गेले, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या चाचणीत ती जागा प्रौढांसाठी मोजलीच जात नाही, हे कुणाला खटकू नये? युरोपच्या चाचणीने २०१५ पासून छोट्या चणीच्या स्त्रीची बाहुली चालकाच्या आणि मागच्या सीटवर बसवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २०२२ मध्ये मागच्या सीटवर तशीच बाहुली बसवून पंधरा छोट्या एसयूव्ही तपासल्या, तर चांगला शेरा फक्त दोघींना मिळाला. कारण साधं होतं. पुढच्या पट्ट्यांना धडक बसताच ढिलाई ओढून घेणारी आणि मग छातीवरचा ताण हलका करणारी यंत्रणा आली, आणि मागचे पट्टे बऱ्याच गाड्यांत जुनेच राहिले.

आता समोरच्या बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं घेते, कारण ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि १९ टक्के पायी चालणारी. मग गाडीच्या सीटबद्दल बोलणं म्हणजे सुखवस्तू माणसांची काळजी वाहणं नाही का? हा प्रश्न मला टोचतो, आणि पदपथ, वेगमर्यादा, हेल्मेट यांवर सरकारने अधिक पैसा आणि अधिक जोर लावावा, असंच माझंही मत आहे. पण सीटच्या नियमासाठी पदपथाचा एक रुपयाही काढावा लागत नाही. तो खर्च गाडी बनवणारा आणि घेणारा करतो. आणि गाडीत फक्त सुखवस्तू माणसं बसतात हेही खरं नाही. टॅक्सीचा चालक दिवसाचे बारा तास त्या सीटवर काढतो. वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये, शाळेच्या व्हॅनमध्ये कोण बसतं? त्याच वर्षी पट्टा न लावल्यामुळे गेलेल्यांचा सरकारी आकडा १६,७१५ आहे, आणि त्यातले ८,३३१ प्रवासी होते.

दुसरं म्हणणं किमतीचं. सहा एअरबॅगच्या वेळी मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी ते ठामपणे मांडलं होतं: छोटी गाडी महाग झाली की स्कूटरवरून गाडीकडे येणारं कुटुंब स्कूटरवरच राहील. चौघांनी एका स्कूटरवर बसणं कुठल्याही गाडीपेक्षा धोक्याचं आहे, हे मी मान्य करते. पण पुढे काय घडलं? ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सगळ्या गाड्यांत सहा एअरबॅग दिल्या, आणि २०२५ मध्ये मारुतीने ऑल्टो के१० आणि ईकोपर्यंत त्या दिल्या. शिवाय सीटचा खर्च एअरबॅगसारखा नव्याने उभा करायचा नसतो. वर-खाली होणारी चालकाची सीट त्याच गाडीच्या टॉप मॉडेलमध्ये आधीच असते. तिचा सांगाडा आखलेला असतो, रूळ बसवलेले असतात, चाचण्या झालेल्या असतात. मागचं हेडरेस्ट, खांद्याजवळ वर-खाली सरकणारी पट्ट्याची कडी, पुढे-मागे होणारं स्टिअरिंग यांचंही तसंच. बेस मॉडेलमधून या वस्तू काढतात त्या अभियांत्रिकीला अवघड जातात म्हणून नाही. वरचं मॉडेल घ्यायला काहीतरी कारण हवं म्हणून. सनरूफने आणि मोठ्या स्क्रीनने गिऱ्हाइकाला वरच्या मॉडेलकडे खुशाल ओढा. मानेच्या हाडांनी ओढू नका.

सुरक्षा ‘ऑप्शन’ म्हणून विकायचा प्रयोग याआधी होऊन गेला आहे. १९५६ साली अमेरिकेत फोर्डने पट्टे आणि मऊ डॅशबोर्ड जास्तीच्या पैशांत देऊ केले. विक्रीत शेवरोले पुढे राहिली आणि सगळ्या उद्योगाने निष्कर्ष काढला की सुरक्षा विकली जात नाही. दहा वर्षं ते वाक्य सबब म्हणून चाललं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा केला, १९६८ पासून नव्या गाड्यांत पट्टे आणि १९६९ पासून पुढच्या सीटना हेडरेस्ट सक्तीचे झाले, आणि मग सगळ्याच कंपन्यांना ते परवडलं. याच्या उलट उदाहरण व्होल्वोचं. नील्स बोलिन या त्यांच्या अभियंत्याने १९५९ मध्ये आजचा तीन टोकांचा पट्टा दिला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं. बोलिन आधी साब कंपनीत विमानातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या सीटवर काम करत असे, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. पट्ट्याचं खालचं टोक खुब्याजवळ खालीच हवं, ही जाण सीट बनवणाऱ्या माणसाकडून आली.

शिस्तवाल्यांचा मुद्दा मी सर्वांत शेवटी ठेवला, कारण तो मला सर्वांत जवळून माहीत आहे. होय, आपली माणसं पट्टा लावत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने हजार रुपये दंड ठरवला, तरी लावत नाहीत. पट्ट्याचा गजर बंद ठेवणाऱ्या खोट्या क्लिपा इतक्या खपल्या की २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांवर आदेश काढावे लागले. त्या क्लिपा विकत घेणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही. पण ‘का लावत नाहीत’ हा प्रश्न कुणी विचारला आहे का? माझ्या आईला मागे बसवून पट्टा लावला की तो तिच्या गळ्यावरून जातो. ती तो काखेखाली घेते, आणि मग छातीऐवजी बरगड्यांच्या खालच्या टोकांवर आणि पोटावर सगळा भार येणार हे मला माहीत असूनही रोज तिच्याशी भांडायला जीव होत नाही. पट्टा अडकवायची मागची बकलं तर सापडतच नाहीत. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन सीट कव्हर चढवतो आणि बकलं गादीखाली कायमची गाडली जातात. सीटच्या कडेतून फुगणारी बाजूची एअरबॅग असेल तर घट्ट कव्हर तिचीही वाट अडवतं. ही बेशिस्त खरीच. पण बकल गादीच्या वर ताठ उभं राहील असं बनवणं, कव्हर कसं असावं याचा नियम करणं, लहान चणीच्या खांद्याला जुळणारी पट्ट्याची कडी मागेही देणं ही माणसाची नव्हे, यंत्राची शिस्त आहे. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा मी सक्तीच्या बाजूने होते, आजही आहे. तरी मान दुखते म्हणणाऱ्या प्रत्येकाला आपण हट्टी ठरवलं, आणि त्याच्या डोक्याच्या मापाचं हलकं हेल्मेट त्याला मिळतं का हे पाहिलं नाही, याची मला तेव्हाही खंत वाटली होती.

स्त्रियांबद्दल एक खुलासा हवा. अमेरिकेतल्या १९९८ ते २००८ च्या अपघातांचा एक अभ्यास २०११ मध्ये आला. पट्टा लावलेल्या स्त्री-चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त निघाली. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की यातला मोठा वाटा बायका छोट्या गाड्या चालवतात याचा आहे. ते बरोबर आहे, आणि ४७ चा आकडा उठसूट फेकणाऱ्यांनी ते सांगायला हवं. पण सारख्या धडका शेजारी ठेवून पाहिल्यावरही पायांच्या आणि मध्यम इजा बायकांना जास्तच होतात. मागून बसणाऱ्या धडकेत मानेला बसणाऱ्या हिसक्याचंही तेच. सीट धडाला पुढे ढकलते, डोकं क्षणभर मागेच राहतं आणि मान इंग्रजी ‘एस’सारखी वाकते. हेडरेस्ट डोक्याच्या उंचीचं आणि डोक्याच्या अगदी जवळ असेल तरच ते टळतं. साबने १९९७ मध्ये आणि व्होल्वोने १९९८ मध्ये यासाठी खास सीट रस्त्यावर आणल्या, युरोपच्या चाचणीत २००९ पासून मानेचे गुण मोजले जातात. आपल्या ताऱ्यांच्या पहिल्या नियमावलीत ते नाहीत. सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून ठोकणं हा आपल्याकडे रोजचा प्रकार असूनही नाहीत.

आणि ज्यांना सीट म्हणावी अशी जागाच मिळत नाही त्यांचं काय? वडापच्या जीपमध्ये मागे समोरासमोर बाकं असतात. आडवं बसलेल्या माणसाला कुठलाच पट्टा नीट धरू शकत नाही, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतलं पट्ट्याचं कलमही मागच्या सीटपैकी फक्त समोर तोंड असलेल्यांनाच लागू आहे. म्हणजे ज्या जागा सर्वांत धोक्याच्या, त्या नियमाबाहेर. शाळेच्या व्हॅनमध्ये दोन सीटच्या मध्ये टाकलेली फळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यावर पाच-सात वर्षांची मुलं पाठीला टेकू नसताना बसतात, आणि आपण हात हलवून त्यांना निरोप देतो.

एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे, माझ्या घरापासून फार लांब नाही. सीट, तिचे रूळ, पट्ट्याची टोकं ओढून, ताणून, आदळून पाहायची साधनं आणि माणसं आपल्याकडे आहेत. तारांकनाची नियमावली पुन्हा लिहिली जाईल तेव्हा १५२ सेंटीमीटरची एक बाहुली आधी चालकाच्या सीटवर बसवा आणि मग मागच्या सीटवर. तारे ज्या गाडीला द्यायचे ती बेस मॉडेलची असू द्या. आणि बाहुलीखाली उशी ठेवू नका.